थोडी टकटक असूं द्यावी

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या पुण्याहून सहकुटुंब शिराळ्यास आला होता. त्याची मोटार रात्रभर अंगणांत उभी होती. पाडव्याच्या सकाळीं मुलांना समर्थस्थापित मारुतीच्या दर्शनास न्यावयाचें म्हणून त्यानें ती सुरू केली, तों आंतून शिवणयंत्रासारखी टकटक ऐकूं आली. सूनबाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "मामंजी, ही आतां वाटेंत बंद पडणार!" परंतु पांचसात सेकंदांत आवाज आपोआप थांबला. पुतण्या हंसून म्हणाला, "अगं, कांहीं झालेलें नाहीं. टॅपेटांत तेल भरायचें होतें, तें भरलें."

सर्व हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं. त्या टकटकीनें मला तीस वर्षांहूनही मागें नेलें. या सदरांत आपण घरांतील यंत्रांची ओळख करून घेत असतों, आणि मोटार हें आतां पुष्कळ घरांतील यंत्र झालें आहे. यास्तव या महिन्यांत मोटारीच्या झडपा आणि त्यांची ती प्रसिद्ध टकटक यांविषयीं चार शब्द लिहावे असें योजिलें आहे. त्यांत एक घरगुती गोष्टही येईल. ती सांगणें मला फारसें सुखाचें नाहीं. पण विषय तिच्याशिवाय पुरा होणार नाहीं.

प्रथम यंत्र समजून घेऊं. मोटारीच्या इंजिनांत जीं नळकांडीं असतात त्यांस सिलिंडर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरास निदान दोन झडपा असतात. एक ताजी हवा आंत घेते, दुसरी जळलेला धूर बाहेर सोडते. मिस्त्री लोक पहिलीस इन्लेट व दुसरीस एक्झॉस्ट म्हणतात. झडपेचा आकार अळंबीसारखा असतो: एका टोंकास पसरट तबकडी आणि तिला जोडलेला लांब दांडा. जोरकस स्प्रिंग तिला आपल्या बैठकीवर घट्ट मिटवून धरते. ती उघडावयाची म्हणजे कॅमशाफ्ट नांवाचा एक दांडा फिरत असतो, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा फिरत आला कीं तो टॅपेटास उचलतो, टॅपेट वरच्या सळईस ढकलतो, आणि सळई रॉकरास. रॉकर तराजूच्या दांडीसारखा. त्याची एक बाजू वर गेली कीं दुसरी खालीं येते आणि झडपेच्या दांड्यावर दाब देऊन तिला उघडते. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां प्रत्येक झडप १५०० वेळां, म्हणजे सेकंदास २५ वेळां, उघडते आणि मिटते.

आतां खरी गोम येथें आहे. झडप मिटलेली असतांना रॉकर आणि झडपेचा दांडा यांमध्यें बारीकशी फट ठेवावी लागते. इंजिनागणिक तिचें माप निराळें असतें. परंतु मोटारींत तें बहुधा एक मिलिमीटरच्या दशांशापासून चार दशांशांपर्यंत असतें. पोस्टकार्डाच्या जाडीची कल्पना केली तरी पुरे. ही फट कशासाठीं? तर धातु तापला कीं वाढतो म्हणून. पोलादाची १०० मिलिमीटर लांबीची सळई १०० अंशांनीं तापली, तर ती सुमारें बारा शतांश मिलिमीटर लांबते. एक्झॉस्ट झडपेची तबकडी तर भर कामांत ७०० अंशांच्याही वर जाते. इंजिनाचे इतर भागही वाढतात, पण झडपेइतका ताप दुसऱ्या फारच थोड्या भागांस सोसावा लागतो. तिला वाढावयास जागा ठेविली नाहीं, तर वाढलेला दांडा रॉकरास टेकून बसतो आणि तबकडी बैठकीवरून किंचित् उचललेली राहते.

"किंचित् उचलली तर काय बिघडलें?" असें कोणी विचारील. एक्झॉस्ट झडपेस थंड होण्याचा मुख्य मार्ग म्हणजे तिची बैठक. मिटल्यावर तबकडीची कड बैठकीस चिकटते आणि अंगांतील उष्णता तिला देऊन टाकते. दिवसभर उन्हांत राबलेल्या माणसानें ओसरीवर पाठ टेंकावी, त्यांतलाच हा प्रकार. टेंकण्यास मिळालें नाहीं, तर उष्णता आंतच सांचते. शिवाय त्या बारीक फटींतून पेटलेला वायु ज्वालेसारखा बाहेर घुसतो. थोड्याच काळांत तबकडीची कड जळून जाते.

उलट फट फार मोठी ठेविली, तर रॉकर प्रत्येक वेळीं दांड्यावर हातोडीसारखा आपटतो. झडप उशिरां उघडते, लवकर मिटते, शक्ति थोडी घटते, झीजही होते. आणि टकटक मोठ्यानें ऐकूं येते. दोन्ही दोषच, पण त्यांत एक भेद आहे, आणि तो प्रत्येक मोटारधारकानें मनांत कोरून ठेवावा. मोठी फट ओरडून सांगते. अपुरी फट कांहींच सांगत नाहीं. ती गाडी अगदीं गोड, मुकी चालते, आणि आंतून जळत असते.

आमच्या बत्तीस शिराळ्याकडे इंजिनाचा आवाज कानांस नवा नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी वसविली. पुढें १९४६ मध्यें पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीविहिरींवर विजेचे पंप येण्यापूर्वीं डिझेल इंजिनेंच पाणी ओढीत. आमच्या गांवचे जुने शेतकरी रात्रीं अंथरुणांत पडल्यापडल्या आपल्या मळ्यांतील इंजिन ऐकत, आणि ठोका बदलला कीं कंदील घेऊन उठत. त्यांस पुस्तक ठाऊक नव्हतें, पण यंत्राचें बोलणें समजत होतें. मी चार इयत्ता अधिक शिकलों, आणि मलाच तें समजलें नाहीं.

गोष्ट १९९१ सालच्या उन्हाळ्याची. माझे थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणत असूं, वकिली करीत. त्यांनीं एक जुनी पद्मिनी घेतली होती. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं ती होऊन गेली असेल. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें जो प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा उद्योग उभारिला, त्याच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यांत ती होत असे. मूळची ती इटलीची फियाट ११००. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, वर सांगितल्याप्रमाणें सळया व रॉकर असलेलें. अशा इंजिनांत थोडी टकटक ठेवावीच लागते.

परंतु त्या वर्षीं आमच्या येथें लग्नकार्यानिमित्त पुण्याचे एक आप्त आले, आणि गाडी सुरू होतांच म्हणाले, "काय गुरुजी, गाडी घेतली कीं शिवणयंत्र?" बोलणें थट्टेचें होतें, मला मात्र तें झोंबलें. चार दिवसांनीं दादा कोर्टाच्या कामास गेले असतां मीं गाडी मिस्त्रीकडे नेली आणि "हा आवाज बंद झाला पाहिजे" म्हणून सांगितलें. त्यानें झांकण उघडलें, पातळ पोलादी पात्यांचें फिलर गेज प्रत्येक फटींत सरकवून पाहिलें, आणि म्हणाला, "गुरुजी, पुस्तकांतल्या मापानंच हाय. एवढा आवाज यायचाच." माझा पुतण्या, तेव्हां अठरा वर्षांचा, नुकताच परवाना मिळालेला, शेजारीं उभा होता. तोही भीत भीत म्हणाला, "काका, थोडी टकटक असूं द्यावी." मीं त्यास गप्प बसविलें. मिस्त्रीनें दोनदां नको म्हटलें, तिसऱ्यांदा माझ्या मनासारखें केलें. लॉकनट ढिला करून स्क्रू फिरविला, फट जवळजवळ बुजविली. गाडी मुकी झाली. मी प्रसन्न होऊन घरीं आलों.

पंधरवड्यानें आम्ही सर्व मंडळी गणपतीपुळ्यास गेलों. गाडी पुतण्या चालवीत होता. मागें आई, वहिनी आणि मी, पुढें दादा. जातांना आंबाघाट उतरणीचा, कांहीं कळलें नाहीं. येतांना साखरप्याच्या पुढें चढ लागला, आणि निम्म्या घाटांत गाडीचा दम तुटला. एक सिलिंडर मुका झाल्यासारखी ती थडथडूं लागली, मागून फुसफुस आवाज येऊं लागला, आणि एका वळणावर थांबली ती थांबलीच. संध्याकाळ झालेली. वाऱ्यानें आई कुडकुडत होती. अखेर एका ट्रकवाल्यानें दया करून तिला व वहिनींना मलकापुरास पोंचविलें. आम्हां तिघांची रात्र घाटांत गेली.

दादांनीं सारा दोष मुलास दिला. "पहिल्या गिअरांत रेटून रेटून जाळलीस," असें ते म्हणाले, आणि तो खालीं मान घालून ऐकत राहिला. माझ्याकडे त्यानें एकदां पाहिलें; बोलला मात्र नाहीं. मीही बोललों नाहीं. पुढें हेड उघडलें तेव्हां एका एक्झॉस्ट झडपेची कड उंदरानें कुरतडलेल्या भाकरीसारखी जळालेली निघाली. मिस्त्रीनें ती झडप माझ्या हातावर ठेविली. त्याचें म्हणणें मला कळलें. तरीही मी गप्प राहिलों.

हें येथेंच संपतें तर मीं लिहिलें नसतें. त्या मुलाचा ओढा यंत्रांकडे होता. बारावीनंतर तंत्रनिकेतनांत मोटारविद्येचा डिप्लोमा करावयाचा त्याचा बेत होता, आणि दादांचीही अर्धी संमति होती. घाटांतील प्रकारानंतर त्यांनीं मन फिरविलें. "ज्याला बापाची गाडी धड घरीं आणतां येत नाहीं, त्यानें कॉमर्सला जावें," असा निकाल झाला. अर्जाची मुदत चार दिवसांवर आली. मुलगा दोन दिवस जेवणाच्या पंक्तीस आला नाहीं. डोकें दुखतें म्हणून सांगे. घरांत कोणी कोणास कांहीं बोलत नव्हतें. एकत्र कुटुंबांत अशी शांतता पसरली कीं बाहेरच्यांस वाटतें, काय गुण्यागोविंदानें राहतात! मला मात्र रात्रीं पडल्यापडल्या ती जळकी झडप डोळ्यांपुढें दिसे.

तिसऱ्या दिवशीं पहांटे दादांची पूजा आटोपतांच मीं त्यांस सर्व सांगितलें: आप्तांची थट्टा, मिस्त्रीची सूचना, मुलाचें बोलणें आणि माझा हट्ट. दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग उठून माजघराच्या दारांत गेले आणि मुलास हांक मारून एवढेंच म्हणाले, "अर्ज कुठें आहे? आण इकडे." मला त्यांनीं त्या दिवशीं किंवा पुढें कधींही बोल लाविला नाहीं. तो लाविला असता तर बरें झालें असतें, असें मला कित्येकदां वाटलें आहे.

तोच मुलगा आज या विद्येवर प्रपंच चालवितो; आणि त्याच्या गाडींत फटीचा प्रश्नच ठेविलेला नाहीं. तो कसा सोडविला, हें त्यानेंच मला पाडव्याच्या दिवशीं दिवाणखान्यांत बसून मुलांच्या पिचकारीवर समजावून दिलें. पिचकारींत पाणी भरून तोंड बोटानें घट्ट दाबावें आणि दट्ट्या ढकलूं पाहावा. तो हलत नाहीं, कारण द्रव पदार्थ दाबून लहान होत नाहीं. तेलाच्या टॅपेटांत, ज्यास हायड्रॉलिक लिफ्टर म्हणतात, हीच युक्ति आहे. एका लहान डबींत एक दट्ट्या, त्याखालीं हलकी स्प्रिंग, आणि तेल आंत येण्याच्या भोंकावर एक बारीक गोळी. झडप मिटलेली असतांना स्प्रिंग दट्ट्यास वर सारून फट भरून काढते, आणि इंजिनाचें तेल गोळीस बाजूस सारून खालच्या पोकळींत शिरतें. कॅमचा उंचवटा आला कीं दाबानें गोळी भोंक बुजविते. आंतील तेल अडकतें आणि पोलादासारखें कठीण होऊन झडप उघडतें. दट्ट्या आणि डबी यांमधून प्रत्येक वेळीं अगदीं थेंबाच्या अंशाइतकें तेल पाझरतें. झडप तापून लांबली, तर त्या पाझरामुळें टॅपेट तेवढा आंखडतो. आणि झीज होऊन फट वाढली, तर नवें तेल शिरून तो तेवढा वाढतो. फट नाहीं, म्हणून टकटक नाहीं. आणि तरीही झडपेस पाठ टेंकावयास मिळते.

ही युक्ति कालची नव्हे. फ्रान्समधील आमेदे बोले यानें १९१० च्या सुमारास अशा टॅपेटाचें पेटंट घेतलें, आणि अमेरिकेंत १९३० सालीं कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या मोटारींत ती आली. श्रीमंतांची ती चैन हळूहळू साधारण गाड्यांत उतरली. अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें जें रांजणगांव, तेथील कारखान्यांत फियाटचें जें १.३ लिटरचें डिझेल इंजिन अनेक वर्षें झालें, त्यांत तेलाचेच टॅपेट आहेत. माझ्या पुतण्याची गाडी त्यांपैकींच एक. सकाळची ती टकटक म्हणजे रात्रभर उभ्या गाडींतील कांहीं टॅपेटांतून तेल पाझरून गेलेलें असतें, तें पुन्हां भरेपर्यंतचा आवाज. त्यांत भय नाहीं.

तथापि तेलाचे टॅपेट असले म्हणजे निश्चिंत व्हावें असें नव्हे. ते आपलें काम तेलाच्या भरंवशावर करितात. तेल कमी, मळलेलें किंवा चुकीच्या घनतेचें असेल, तर टकटक थांबत नाहीं. मर्यादेहून अधिक भरलें, तरी कांहीं वेळां तें घुसळून फेंसाळतें. आणि फेंसांतील हवा दाबली जात असल्यामुळें टॅपेट पुन्हां वाजतो. म्हणून इंजिन चांगलें तापल्यावरही आवाज राहिला, तर प्रथम तेलाची पट्टी पाहावी. टॅपेट बदलण्याचा विचार मागाहून. आवाजाबरोबर तेलाचा लाल दिवाही लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावें. घर दोन मैलांवर असलें तरी.

शिवाय प्रत्येक नव्या गाडींत तेलाचेच टॅपेट असतात हा समज चुकीचा आहे. घरोघरीं पोंचलेल्या मारुति ८०० ला स्क्रू व लॉकनटच होते, आणि आजही कित्येक इंजिनांत साधे टॅपेट असतात. त्यांचें माप पुष्कळ दिवस टिकतें एवढेंच. आपल्या गाडींत काय आहे तें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. गॅसवर चालणाऱ्या गाडीच्या मालकांनीं तर अवश्य पाहावें. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचें पेट्रोल बंद झालें, हें आरोग्याच्या दृष्टीनें उत्तमच झालें; परंतु शिशाचा पातळ थर जुन्या इंजिनांतील झडपेच्या मऊ बैठकीस जपत असे, तो गेला. सीएनजी तर कोरडा वायु. बैठक झिजली कीं झडप आंत सरकते, दांडा रॉकराच्या जवळ येतो, आणि फट वाढण्याऐवजीं घटते. म्हणजे गाडी दिवसेंदिवस अधिक शांत होते! मालक समाधान मानतो, आणि झडप जळते. अशा गाडीची फट पुस्तकांत सांगितलेल्या अंतरास, कुरकुर न करतां, तपासून घ्यावी.

घरीं अँबॅसिडर जपून ठेवणारे कांहीं हौशी वाचक आहेत, त्यांसाठीं गणिताची एक गंमत सांगतों. तिच्या आठ झडपांस ओळीनें एक ते आठ आंकडे द्यावे. ज्या झडपेची फट मोजावयाची तिचा आंकडा नवांतून वजा करावा. जी उरेल ती झडप पूर्ण उघडेपर्यंत इंजिन हातानें फिरवावें. आठवी उघडी असतां पहिली मोजावी, सहावी उघडी असतां तिसरी. माप थंड इंजिनावर घ्यावयाचें कीं गरम, तें पुस्तकांत असतें. तें मोडूं नये. फिलर गेजचें पातें फटींतून किंचित् अडखळत सरकलें म्हणजे माप बरोबर. आणि लॉकनट आवळल्यावर पुन्हां एकदां मोजावें. आवळतांना स्क्रू हटकून थोडा फिरतो.

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची मर्यादा पुरी होऊन निवृत्त झाली. आमची तर कधींच गेली. दादाही गेले. ती जळकी झडप मात्र माझ्या मेजाच्या खणांत अजून आहे. यंदा पुतण्याच्या मुलानें ती हातांत घेऊन विचारलें, "आजोबा, ही कशानें जळली?" मीं त्याच्या बापाकडे पाहिलें. तो म्हणाला, "आवाज येत नव्हता ना, म्हणून." एवढेंच बोलून त्यानें विषय पालटला. मग मीं मुलास जवळ बसवून सर्व गोष्ट पहिल्यापासून सांगितली, माझें नांव न वगळतां.